राणीची बाग आणि वस्तुसंग्रहालयातील प्राणिदालन एकाच दिवशी कसे पाहावे

सुट्टीत मुलांना घेऊन मुंबईला आलेली कुटुंबे भायखळ्याच्या राणीच्या बागेत हमखास जातात. मात्र काळा घोडा येथील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या निसर्ग विभागापर्यंत त्यांतील फार थोडी पोहोचतात, आणि पोहोचली तरी मूर्ती व लघुचित्रे पाहून पाय दुखू लागल्यावर तिथून घाईने बाहेर पडतात. ही दोन ठिकाणे एकाच दिवशी, सकाळी बाग आणि दुपारी दालन या क्रमाने पाहावीत, असे मी आग्रहाने सांगेन. बागेतला प्राणी जिवंत असतो. तो पोहतो, जांभई देतो, आपल्याकडे पाठ करून झोपतो, आणि म्हणूनच तो नीट दिसतोच असे नाही. दालनातला प्राणी जागचा हलत नाही, त्यामुळे त्याची चोच, खूर, कान यांच्यापाशी हवा तितका वेळ थांबता येते. सकाळी पडलेले प्रश्न दुपारी सोडवता येतात, आणि मुलांना हा खेळ मनापासून आवडतो.

वार आधी ठरवावा

बागेचे अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे असून ती मुंबई महानगरपालिकेच्या ताब्यात आहे. बुधवारी ती बंद असते. परंतु बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर त्या दिवशी बाग उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवण्याची पद्धत आहे. वस्तुसंग्रहालयाची गोष्ट नेमकी उलटी आहे. ते आठवडाभर उघडे असते, मात्र २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर अशा दिवशी बंद राहते, आणि बाहेरगावची मंडळी बऱ्याचदा नेमके याच दिवशी मुंबईत असतात. म्हणून निघण्यापूर्वी दोन्हींच्या संकेतस्थळांवर वार, वेळ आणि तिकिटाचे दर पाहून घ्यावेत. रविवार शक्यतो टाळावा. त्या दिवशी बागेत गर्दी उसळते आणि लोकलचा मेगाब्लॉक असेल तर सारे वेळापत्रक कोलमडते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत बरा. मे महिन्यात जायचेच असेल तर सकाळी उशीर होऊ देऊ नये.

आदल्या रात्रीची तयारी

सगळेच प्राणी पाहण्याचा हट्ट सोडून पाच-सहा प्राणी किंवा पक्षी निवडावेत आणि प्रत्येकासाठी एकेक प्रश्न वहीत लिहून ठेवावा. प्रश्न असा असावा की त्याचे उत्तर फलक वाचून नव्हे, तर प्राण्याकडे पाहूनच मिळेल. वाघाच्या कानांची मागची बाजू कोणत्या रंगाची असते? पेंग्विन पाण्याखाली पाय मारतो की पंख? मगरीचे डोळे आणि नाकपुड्या डोक्यावर कुठे असतात? ज्या मुलाला लिहिता येत नाही, त्याने चित्र काढावे. दुर्बीण असेल तर अवश्य घ्यावी, कारण मोठ्या आवारातला प्राणी दूरच्या सावलीत जाऊन बसलेला असतो.

सकाळ : भायखळा

मध्य रेल्वेच्या भायखळा स्थानकावर पूर्वेला उतरले की बाग चालत जाण्याच्या अंतरावर आहे. फाटक उघडते त्याच सुमारास पोहोचावे आणि सर्वांत आधी पेंग्विनकडे जावे, कारण तासाभराने तिथे रांग लागते आणि मागचे लोक पुढच्यांना काचेपाशी थांबू देत नाहीत. हे हंबोल्ट पेंग्विन २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सेऊलहून आणले गेले आणि २०१७ पासून ते लोकांना पाहता येऊ लागले. पेंग्विन म्हटले की आपल्याला बर्फच आठवतो. हे पक्षी मात्र दक्षिण अमेरिकेतल्या पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यांवरचे आहेत. त्या किनाऱ्यालगत समुद्राचा थंड प्रवाह वाहतो आणि त्यात माशांची रेलचेल असते, म्हणून हे पेंग्विन तिथे राहू शकतात. मुलांना काचेजवळ खाली बसवून पाण्याखालचा पक्षी दाखवावा. तो पंख मारतच पुढे सरकतो, म्हणजे आकाशातले उडणे त्याने पाण्यात नेले आहे, आणि पाय केवळ दिशा सांभाळायला मागे ठेवले आहेत. छातीवरच्या काळ्या पट्ट्याखाली बारीक ठिपके असतात. त्यांची मांडणी प्रत्येक पक्ष्यात वेगळी असते. दोन पक्षी निवडून ती ताडून पाहावी.

तिथून वाघाकडे जावे. तो झोपलेला असला तरी लगेच पुढे निघू नये. पंधरा मिनिटे शांत उभे राहिले तर तो निदान कूस बदलतो, कान हलवतो, आणि तेवढ्यात वहीतल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळून जाते : काळ्या कानामागे एक ठसठशीत पांढरा ठिपका असतो. पुढे मगर, हरणे, पाणघोडा आणि पाणपक्ष्यांचा मोठा पिंजरा सावकाश पाहावा. पाणपक्ष्यांपाशी एकच काम करावे, ते म्हणजे चोचींचे आकार वहीत काढणे. दुपारी त्यांची गरज पडणार आहे.

एक गोष्ट मोठ्यांना सांगावीशी वाटते, कारण मुले ती आपल्याकडे पाहूनच शिकतात. काचेवर टकटक करणे, शिट्ट्या मारणे, वेफर्स किंवा शेंगदाणे फेकणे यांत प्राण्याचे हाल आहेत. प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांना डिवचणे, खाऊ घालणे, गोंगाटाने त्रास देणे आणि तिथे कचरा टाकणे या सगळ्याला वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई केली आहे. शेजारी कोणी असे करत असेल तर आवाज न चढवता सुरक्षारक्षकाला सांगावे.

बाहेर पडण्यापूर्वी थोडा वेळ झाडांनाही द्यावा. बाग १८६२ पासूनची आहे आणि तिच्यातले वृक्षधन शहरात इतरत्र सहसा दिसत नाही. आफ्रिकेतून आलेल्या गोरखचिंचेचा पिंपासारखा बुंधा मुलांनी हात पसरून मोजावा. थेट खोडावर फुलणारा कैलासपती आणि हिवाळ्याच्या अखेरीस लाल झुपक्यांनी लगडणारी म्यानमारची उर्वशी ही झाडेही शोधावीत. आवारालगतच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. ते सुंदर आहे, पण त्याचा विषय मुंबई शहर आणि कलाकुसर हा असल्यामुळे ते दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवावे. त्याच्या शेजारी उभा असलेला, घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती मात्र जाता जाता पाहता येतो.

दुपार : काळा घोडा

ऊन चढले की प्राणी सावलीत जातात, तेव्हा आपणही निघावे. भायखळ्याहून लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठावे, तिथे पोटभर जेवावे आणि मग बसने किंवा टॅक्सीने वस्तुसंग्रहालयात जावे. ही वास्तू जॉर्ज विटेट यांनी रचली आणि १९२२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. आत शिरल्यावर थेट निसर्ग विभाग विचारावा. बाकीची दालने अंगात त्राण उरले तर नंतर पाहावीत.

काचेपलीकडचा प्राणी म्हणजे आत काय आहे, हे मुलांना आधीच सांगितलेले बरे, नाही तर त्यांना भीती वाटते. कातडी काढून, ती टिकेल अशी प्रक्रिया करून, आतल्या साच्यावर ती पुन्हा चढवलेली असते. डोळे काचेचे असतात. जुन्या काळी कातडी किडीपासून वाचवण्यासाठी सोमल हे विष वापरत असत, त्यामुळे एखादा नमुना उघडा ठेवलेला दिसला तरी त्याला हात लावू नये.

आता सकाळची वही उघडावी. वाघाचा कान इथे वीतभर अंतरावरून पाहता येतो. रानगव्यापाशी उभे राहून त्याचे गुडघ्यापासून खालचे पांढरे पाय आणि खांद्यावरचा उंचवटा पाहावा, कारण सह्याद्रीत हा प्राणी दिसला तरी इतक्या जवळून सहसा दिसत नाही. रोहित पक्ष्याची चोच मधेच वाकलेली का, याचे उत्तर मुलांना स्वतःच शोधू द्यावे. हा पक्षी डोके उलटे करून चिखलपाण्यात चोच बुडवतो, जिभेने पाणी आत-बाहेर ढकलतो आणि चोचीच्या कडेच्या बारीक दातऱ्यांत अन्न अडकवतो. त्याचा गुलाबी रंग त्याला खाण्यातल्या शेवाळातून आणि कोळंबीसारख्या जिवांतून मिळतो.

सर्वांत जास्त वेळ मात्र महाधनेशाला, म्हणजे मोठ्या हॉर्नबिल पक्ष्याला, द्यावा. त्याच्या चोचीवरचे मोठे शिंगासारखे टोप आणि चोच पिवळी दिसते ती बरीचशी शेपटीजवळच्या ग्रंथीतल्या तेलामुळे. पक्षी ते तेल पिसांना आणि चोचीला स्वतः घासत असतो. घरट्याच्या वेळी मादी झाडाच्या ढोलीत शिरून तोंड लिंपून घेते, एक फट तेवढी ठेवते, आणि नर त्या फटीतून तिला फळे भरवत राहतो. इथे मुलांना फटीएवढ्या जागेतून ती चोच जाईल का, हे बोटांनी मापायला सांगावे.

या पक्ष्याचा या परिसराशी जुना संबंध आहे. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कचेरीत विल्यम नावाचा एक महाधनेश १८९४ पासून १९२० पर्यंत राहत होता. सोसायटीचे बोधचिन्ह आणि वस्तुसंग्रहालयाला लागून असलेल्या तिच्या इमारतीचे हॉर्नबिल हाऊस हे नाव, दोन्ही महाधनेशावरूनच आले आहे. वस्तुसंग्रहालयाचा निसर्ग विभाग याच सोसायटीच्या मदतीने उभा राहिला, आणि १९२६ मध्ये सालिम अली यांनी इथे लोकांना प्राणी-पक्षी समजावून सांगणारे मार्गदर्शक व्याख्याते म्हणून काम सुरू केले.

दालनात दीड तास पुरे होतो. मुले कंटाळली तर निवडलेल्या पाच-सहांपैकी उरलेले प्राणी सोडून द्यावेत.

हाताशी आणखी एक दिवस असेल आणि हिवाळा ते मे यांच्या दरम्यान येणे झाले असेल, तर काचेआड पाहिलेला रोहित ठाण्याच्या खाडीत थव्यांनी पाहता येतो. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून त्यासाठी बोटी सुटतात. त्यांच्या वेळा भरती-ओहोटीप्रमाणे रोज बदलतात, म्हणून नोंदणी आधी करावी, वेळ पक्की झाल्यावरच त्या दिवसाचे बाकीचे बेत आखावेत, आणि सकाळचीच फेरी मिळाली तर दुर्बीण व टोपी रात्रीच पिशवीत भरून ठेवावी.