दर महिन्याचा दुसरा रविवार: मित्रांची गडभटकंती वर्षभर कशी चालू ठेवावी

तारीख विचारू नका, जाहीर करा. मित्रांच्या बहुतेक भटकंत्या ‘कोणाला कधी जमेल?’ या एका प्रश्नात बुडतात. बारा जणांचा एकच रविवार मोकळा सापडत नाही. कुणाकडे बारसं असतं, कुणाची शिफ्ट बदललेली असते, कुणाच्या मुलाची परीक्षा असते. म्हणून वर्षासाठी एक दिवस बांधून टाका. पुण्यातल्या गटाला दर महिन्याचा दुसरा रविवार सोयीचा पडतो. आदला शनिवार बहुतेक वेळा महिन्यातला दुसरा, म्हणजे बँकांनाही सुट्टीचा असतो, त्यामुळे सामान घ्यायला आणि वेळेवर झोपायला एक दिवस मिळतो. ज्याला जमेल तो येईल, बाकीचे पुढच्या महिन्यात येतील. तीन-चार महिने दिवस पाळला की लोक आपली बाकीची कामं त्या रविवाराच्या अलीकडे-पलीकडे लावायला लागतात.

एक नियम मात्र पहिल्याच दिवशी ठरवा: भटकंती रद्द होत नाही, फक्त लहान होते. चारजण असतील तर ठरलेला गड करायचा. चारच का? एकाचा पाय मुरगळला तर एक त्याच्याजवळ थांबतो आणि दोघं मिळून मदतीला खाली जातात. चारापेक्षा कमी झाले तर स्वारगेटहून पीएमपीची बस धरून सिंहगड पायथा गाठायचा आणि आतकरवाडीच्या वाटेनं चढायचं. रविवारी तिथे कायम माणसं असतात, दोघं-तिघंही निर्धास्त जाऊ शकतात. महिना कोरडा जात नाही आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. सलग दोन महिने खंड पडला की गट पुन्हा उभा करणं फार जड जातं.

व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये वीस ते पंचवीस माणसं ठेवा, म्हणजे प्रत्यक्षात नऊ ते बारा येतील. बारापेक्षा जास्त नकोत. पुढचा माणूस आणि शेवटचा माणूस यांच्यातलं अंतर वाढतं, जंगलात हाक पोचत नाही आणि गडावर फोनला रेंज असेलच असं नाही. नवा माणूस कुणीतरी आणलेला असावा आणि त्याची पहिली भटकंती सोप्या गडाची असावी. ‘जिममध्ये जातो’ एवढ्यावर थेट अवघड गडाला नेऊ नका. उताराच्या मुरमाड घसाऱ्यावर गुडघे आणि सवय दोन्ही लागतात, ती जिममध्ये होत नाही.

गड निवडताना महिना पाहा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे मोठ्या चालीचे महिने: राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड, कळसूबाई असे दमवणारे बेत तेव्हाच लावा. मार्च ते मे दुपारी कातळ तापतो, म्हणून पहाटे चढून दहाच्या आत उतरायचं. नाहीतर मे अखेरीस, पाऊस लागण्याआधी, राजमाचीला काजवे पाहायला मुक्कामी जायचं. तिथे झाडांवर टॉर्च मारायची नाही, उजेड पडला की काजव्यांचं लुकलुकणं विस्कटतं. जूनच्या पहिल्या पावसात वीज पडण्याचा धोका असतो, त्या महिन्यात उघड्या माथ्याचा गड नको. जुलै-ऑगस्टला लोहगड, तिकोना, कोरीगड यांसारखे जवळचे आणि मळलेल्या वाटांचे गड बरे. पण पावसाळ्यात अनेक ठिकाणी जिल्हा प्रशासन पर्यटकांना बंदी घालतं. आदल्या दिवशी बातम्या पाहा आणि पायथ्याच्या गावात फोन करून विचारा. सप्टेंबरला कास पठार ठरवलं असेल तर ऑनलाइन नोंदणी आधी करा. ऑक्टोबरचं ऊन फसवं असतं, वाट छोटी आणि सावलीची निवडा.

बेताचा वेळ अंदाजपंचे लावू नका. मिश्र गटासाठी हिशेब असा: दर ३०० मीटर चढाईला एक तास, सपाट वाटेला ताशी ३ किलोमीटर, आणि दर दोन तासांमागे वीस मिनिटं थांबा. बारी गावातून कळसूबाईचा (१,६४६ मीटर) चढ ८०० मीटरहून अधिक आहे, म्हणजे थांबे धरून माथ्याला सव्वातीन तास. उतरायला चढाईच्या तीन चतुर्थांश वेळ धरा, निम्मा नाही. दमलेल्या पायांनी लोक उतारावर घसरतात, आणि घाई केली की जास्तच. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणून दुपारी दीडची ‘परत फिर’ वेळ ठरवा. दीड वाजता जिथे असाल तिथून मागे, माथा दहा मिनिटांवर असला तरी. हा नियम पायथ्याशी, सगळे ताजेतवाने असताना सांगायचा. वर गेल्यावर सांगितला तर वाद होतो.

पहिल्या भटकंतीसाठी लोहगड घ्या. पुणे-लोणावळा लोकलनं मळवलीला उतरायचं, गाडीची भानगड नाही. सकाळी साडेसहाच्या आसपासची लोकल धरली की आठपर्यंत मळवली. तिथे नाश्ता करून भाजे गावावरून गायमुख खिंडीकडे चालत लोहगडवाडीपर्यंत रमतगमत दोन तास, आणि पुढे पायऱ्यांनी पाऊण तासात गड. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा ओलांडून विंचूकाट्यापर्यंत, म्हणजे गडाच्या लांब निमुळत्या माचीपर्यंत, फिरून यायला दीड तास पुरतो. विंचूकाट्यावर वारा जोराचा असतो, कडेला फोटोसाठी रांग लावू नका. जेवण लोहगडवाडीत. परतताना पाय आणि वेळ शिल्लक असेल तर भाजे लेणी. लोकल दुपारी बराच वेळ नसते, त्यामुळे परतीच्या गाडीची वेळ आदल्या रात्रीच पाहून ठेवा, नाहीतर दोन तास फलाटावर बसाल. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत लोहगड आहे. शनिवार-रविवारी, विशेषतः पावसात, तिथे दाट गर्दी असते. सकाळी लवकर चढण्याचं तेही एक कारण.

आता पैसे. मैत्री पैशावरून तुटत नाही, धूसर हिशेबावरून कुरकुरते. खर्चाचे दोन भाग करा. गाडी, टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता हा बांधलेला खर्च, माणसं कमी झाली तरी तेवढाच राहतो. जेवण आणि तिकिटं डोईमागे. समजा सतरा सीटच्या टेम्पो ट्रॅव्हलरसह बांधलेला खर्च ९,६०० रुपये येतो आणि गावातलं जेवण डोई २०० आहे. नावं अकरा आली आहेत. वर्गणी अकरांवर काढू नका, दोन कमी धरून नऊवर काढा: ९,६०० भागिले ९ म्हणजे १,०६७, त्यात स्वतःचं जेवण २०० आणि ड्रायव्हरच्या जेवणातला वाटा २२. साधारण १,२९०, म्हणून १,३०० घ्या. अकराही आले तर १४,३०० जमतील, खर्च १२,००० होईल आणि २,३०० गटाच्या निधीत पडतील. त्यातून औषधाची पेटी आणि पुढच्या गाडीचा आगाऊ भागतो.

आदल्या सोमवारपर्यंत पैसे आले की नाव पक्कं. त्यानंतर गळणाऱ्याला फक्त जेवणाचे पैसे परत मिळतात, गाडीचे नाहीत, कारण त्याची सीट रिकामी गेली तरी गाडीवाला पैसे घेतोच. नियम सगळ्यांना सारखा लावा. सगळ्यात जवळच्या मित्राला एकदा सवलत दिली की तो नियम संपला.

गाडी ठरवताना तीन गोष्टी विचारा. किलोमीटर गॅरेजपासून गॅरेजपर्यंत मोजतात का? दिवसाला किमान किती किलोमीटरचे पैसे लावतात? बरेच गाडीवाले २५० ते ३०० लावतात, त्यामुळे ९० किलोमीटरवरचा गडही तेवढ्यालाच पडतो. आणि नंबरप्लेट पिवळी आहे का? भाड्यानं घ्यायची गाडी पिवळ्या प्लेटचीच हवी. स्वतःच्या गाड्या नेणार असाल तर पेट्रोल आणि टोल बाकीच्यांनी वाटून घ्यावा, गाडीवाल्या मित्राला त्यात धरू नये. त्याची गाडी झिजते आणि परतताना सगळे झोपलेले असताना तो जागा असतो.

मेसेज थोडे पाठवा, पण ठरलेल्या वेळी. पंधरा दिवस आधी गड, वर्गणी आणि पैसे भरण्याची शेवटची तारीख. सहा दिवस आधी पक्क्या नावांची यादी. शुक्रवारी पायथ्याच्या गावात जेवणाचा अंदाजे आकडा, शनिवारी संध्याकाळी अंतिम आकडा. गावात पिठलं-भाकरी सांगितली की ती ताई पहाटे उठून पीठ मळते. अकरा सांगितले आणि आठ गेलात तर अकरांचे पैसे द्या. पुढच्या वर्षी त्याच अंगणात मान वर करून जाता येतं. शनिवारचा शेवटचा मेसेज एवढाच असू द्या:

‘उद्या राजगड, गुंजवण्यातून. गाडी ५:३० ला डेक्कनवरून, ५:४५ ला स्वारगेटवरून सुटेल. पाणी तीन लिटर, एक वेळचा कोरडा खाऊ, टॉर्च, टोपी, जास्तीचे मोजे. जुने झिजलेले बूट नकोत. जेवण गावात, खाली आल्यावर. रात्री ८:३० पर्यंत पुण्यात.’

गाडी खरोखर ५:३० ला सुटली पाहिजे. कुणी राहिलाच तर फार तर दहा मिनिटं थांबा, मग निघा. उशिरा येणाऱ्याला स्वारगेट हा दुसरा थांबा आहेच. एका माणसासाठी चाळीस मिनिटं थांबलात तर पुढच्या महिन्यात वेळेवर येणारेही सहाला येतील.

वाटेत नाश्त्याचा थांबा निवडताना स्वच्छतागृह पाहून निवडा, चहा कसा आहे ते नंतर. गटातल्या मैत्रिणी हळूहळू यायच्या बंद होतात त्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं, आणि ते कुणी बोलून दाखवत नाही. पायथ्याच्या ज्या घरी जेवण सांगितलं आहे तिथे चढाईआधीच विचारून ठेवा.

चालताना वाट माहीत असलेला एक पुढे, अनुभवी एक सगळ्यात शेवटी. शेवटच्याच्या मागे कुणीही राहायचं नाही. वाटा फुटतात तिथे पुढच्यानं थांबायचं, सगळे दिसले की निघायचं, आणि शेवटचा माणूस पोचल्यावर त्यालाही पाच मिनिटं द्यायची. हे विसरलं जातं: पुढचे बसून ताजे होतात, धापा टाकत आलेला टेकायच्या आत ‘चला’ होतं, आणि तो पुढच्या महिन्यात येत नाही. गटाचा वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचा. ज्यांना धावायचं आहे त्यांनी आपला वेगळा रविवार काढावा.

औषधाच्या पेटीत क्रेप बँडेज दोन, निर्जंतुक पट्ट्या, चिकटपट्टी, जंतुनाशक, लहान कात्री आणि ओआरएसची सहा पाकिटं. मोठं पाकीट लिटरभर पाण्यातच विरघळवायचं, अर्ध्या बाटलीत नाही. कुणाला दमा, मधुमेह, मधमाशीची अॅलर्जी आहे का, ते आधी खासगीत विचारून घ्या. कड्यांवर आग्या मोहोळं असतात. उग्र अत्तर, धूर आणि आरडाओरडा नको. माशा उठल्या तर हातवारे न करता तोंड झाकून लांब व्हायचं. पावसात ओढ्याचं पाणी गुडघ्याला लागलं आणि ओढ असली तर ओलांडायचं नाही. पाणी उतरेपर्यंत थांबायचं किंवा आलात तसं फिरायचं. संकटात ११२. दारू अजिबात नको. गावकऱ्यांचा विश्वास एकदा गेला की त्यानंतर येणाऱ्या सगळ्या गटांना दार बंद होतं.

सगळं एकाच माणसावर टाकू नका, वर्षभरात तो थकतो आणि त्याच्याबरोबर गटही. दर महिन्याला जबाबदार जोडी बदला: एक हे काम याआधी केलेला, एक नवा. खजिनदार मात्र वर्षभर एकच असू द्या. पुढचा गड परतीच्या गाडीतच ठरवा, पाय दुखत असले तरी त्याच वेळी होकार सहज मिळतात. मंगळवारपर्यंत हिशेब ग्रुपवर टाका, आणि नव्या जोडीच्या हाती एक पान द्या: जेवण कुणाकडे सांगितलं, गाडी कुणाची, वाट कुठे चुकली, पाण्याचं टाकं कुठे लागलं आणि त्यात पाणी होतं का.