उद्याच्या रजेला 'वुड' नको, 'विल' लिहा

'आय वुड बी ऑन लीव्ह टुमॉरो' असं वाक्य ऑफिसच्या मेलमध्ये सर्रास दिसतं. 'वुड' घातलं की वाक्य जरा अदबशीर होतं, असा आपल्याकडे समज आहे. पण ब्रिटिश किंवा अमेरिकन वाचणाऱ्याला त्यात 'जर-तर' ऐकू येतं: रजेवर गेलो असतो, पण... पण काय? रजा पक्की असेल तर सरळ 'आय विल बी ऑन लीव्ह' लिहा. त्यात उर्मट काही नाही.

अदब हवी ती विनंतीत: 'वुड यू सेंड मी द फाइल?'

अडलात तर वाक्य आधी मनात मराठीत म्हणा. 'जाईन', 'येईल' आलं तर 'विल'. 'पैसे असते तर घेतलं असतं' किंवा 'आजी रोज गोष्ट सांगायची' असं आलं तर बहुधा 'वुड'. एका ठिकाणी मात्र ही युक्ती फसते. 'तो येईन म्हणाला' याचं इंग्रजी सहसा 'ही सेड ही वुड कम' असं होतं, कारण 'सेड' भूतकाळात गेलं की 'विल'लाही मागे ओढतं. मराठीला ही भानगड नाही.