फुफ्फुसात गाठ दिसली: सीटी आणि पेट स्कॅनचा रिपोर्ट कसा वाचावा

फुफ्फुसाच्या कर्करोगाची शंका आली की एकामागून एक रिपोर्ट हातात पडू लागतात. ते वाचायला घेण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. स्कॅनमध्ये गाठीचा आकार, जागा, कडा आणि तिच्यात झालेला बदल दिसतो, पेशी दिसत नाहीत. निदान जवळजवळ नेहमीच तुकडा तपासणीवर, म्हणजे बायोप्सीवर ठरते. त्यामुळे रिपोर्टमध्ये ‘सस्पिशियस’ (शंकास्पद) किंवा ‘मॅलिग्नन्सीची (कर्करोगाची) शक्यता’ असे लिहिले असेल, तर त्याचा अर्थ ‘पुढची तपासणी लांबवू नका’ एवढाच घ्यावा. कर्करोग सिद्ध झाला, असा तो होत नाही.

छातीच्या एक्स-रेवर फार विसंबू नये. हृदयामागे, गळ्याच्या हाडामागे किंवा फुफ्फुसाच्या टोकाशी असलेली गाठ त्यात सहज लपते, आणि एक सेंटीमीटरहून लहान गाठ तर बऱ्याचदा दिसतच नाही. याउलट, एक्स-रेवरचा ‘डाग’ न्यूमोनियाचा, जुन्या क्षयाच्या व्रणाचा किंवा नुसत्या स्तनाग्राच्या सावलीचाही असू शकतो. न्यूमोनिया म्हणून औषधे दिली असतील, तर साधारण सहा आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढून डाग पुसला गेला का ते पाहतात. तो तसाच राहिला किंवा त्याच जागी पुन्हा न्यूमोनिया झाला, तर सीटी स्कॅन टाळू नये.

सीटीच्या रिपोर्टचे तीन भाग असतात: तपासणी कशी केली, काय दिसले आणि शेवटी ‘इम्प्रेशन’, म्हणजे निष्कर्ष. सगळे थेट इम्प्रेशनवर उडी मारतात, पण आधी वरचा भाग वाचा. शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे प्रतिमा ठळक करणारे द्रव्य, दिले होते का? प्रतिमेचे काप किती जाडीचे होते? लहान गाठीसाठी दीड मिलिमीटर किंवा त्याहून पातळ काप हवेत. पाच मिलिमीटरच्या कापांत बारीक गाठ निसटते किंवा तिचे माप चुकते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘कम्पॅरिझन’ (जुन्या स्कॅनशी तुलना) ही ओळ. तिथे ‘जुना स्कॅन उपलब्ध नाही’ असे असेल, तर घरातली कपाटे उघडा. छातीचाच स्कॅन हवा असे नाही. पोटाच्या सीटीत फुफ्फुसाचा खालचा भाग येतो, हृदयाच्या सीटीतही बराचसा येतो. जुन्या प्रतिमांची सीडी मिळाली तर ती रेडिओलॉजिस्टकडे द्या आणि तुलना करून पुरवणी रिपोर्ट मागा. दोन वर्षांपूर्वीही तेवढीच असलेली घन गाठ कर्करोगाची असण्याची शक्यता फार कमी असते. नवी कोणतीही तपासणी न करता एवढा दिलासा दुसऱ्या कशातून मिळत नाही.

गाठीचे वर्णन वाचताना

तीन सेंटीमीटरपर्यंतच्या गाठीला नोड्यूल म्हणतात, त्याहून मोठीला मास. मास असेल तर शंका बरीच वाढते. नोड्यूलचे तीन प्रकार लिहिलेले दिसतील. सॉलिड म्हणजे पूर्ण घन. ग्राउंड ग्लास म्हणजे धुरकट डाग, ज्यातून मागच्या रक्तवाहिन्या दिसत राहतात. पार्ट-सॉलिड म्हणजे धुरकट भागात घन भाग. या तिसऱ्या प्रकाराकडे विशेष लक्ष द्यावे लागते, आणि त्यात घन भाग किती मिलिमीटरचा आहे ते वेगळे मोजलेले असायला हवे. नसेल तर विचारा.

कडा गुळगुळीत असतील तर ते बरे लक्षण, पण हमी नाही. ‘स्पिक्युलेटेड’ म्हणजे कडेतून काटे फुटल्यासारख्या रेषा निघालेल्या. त्यांनी शंका वाढते. गाठीत कॅल्शियम असेल तर ते कसे पसरले आहे हे पाहतात: पूर्ण गाठभर, मधोमध, थराथराने किंवा पॉपकॉर्नसारखे असेल तर गाठ बहुधा निरुपद्रवी असते. एका कडेला किंवा विखुरलेल्या ठिपक्यांनी असेल तर तेवढा भरवसा ठेवता येत नाही. गाठीत चरबी दिसली तर ती बहुधा हॅमार्टोमा नावाची साधी गाठ असते. फुफ्फुसाच्या खंडांमधल्या पडद्याला चिकटलेली, लहान, गुळगुळीत, त्रिकोणी किंवा मसुरीच्या आकाराची गाठ बहुतेकदा साधी लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) निघते.

मापाचा अर्थ लावायला फ्लायश्नर सोसायटी या छातीच्या स्कॅनमधल्या तज्ज्ञांच्या संस्थेचे 2017 चे निकष जगभर वापरतात. एकच घन गाठ सहा मिलिमीटरपेक्षा लहान असेल आणि धोका कमी असेल, तर पुन्हा स्कॅनची गरज नसते. धोका जास्त असेल तर बारा महिन्यांनी एक स्कॅन करता येतो. सहा ते आठ मिलिमीटरला सहा ते बारा महिन्यांनी स्कॅन. आठच्या वर असेल तर तीन महिन्यांनी सीटी, पेट स्कॅन किंवा बायोप्सी यांपैकी एकाचा विचार होतो. सहा मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या ग्राउंड ग्लास गाठी फार सावकाश वाढतात, म्हणून त्यांच्यावर पाच वर्षे नजर ठेवतात. हे निकष 35 वर्षांखालच्या व्यक्तींना, आधी कर्करोग झालेल्यांना आणि प्रतिकारशक्ती दबलेल्यांना लागू नाहीत. अशा रुग्णांसाठी डॉक्टर वेगळा निर्णय घेतात. धूम्रपान, वय, एम्फिसीमा (फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्या खराब होणे), कुटुंबातला फुफ्फुसाचा कर्करोग आणि गाठ वरच्या खंडात असणे, या गोष्टी धोका वाढवतात.

वाढ मोजताना फसगत होते. आठची गाठ नऊ मिलिमीटर झाली म्हणून घाबरू नये. दोन मिलिमीटरपेक्षा कमी फरक मोजणीतल्या चुकीचाही असू शकतो. पण आठची दहा झाली तर आकडा लहान दिसला तरी गाठीचे घनफळ जवळजवळ दुप्पट झालेले असते, कारण व्यास सुमारे 26 टक्क्यांनी वाढला की घनफळ दुप्पट होते.

लसिकाग्रंथींबद्दल लिहिताना रिपोर्टमध्ये 4आर, 7, 10एल असे क्रमांक येतात. हे छातीतल्या ग्रंथींचे ठरलेले पत्ते आहेत: आर म्हणजे उजवीकडे, एल म्हणजे डावीकडे, 7 म्हणजे श्वासनलिका दुभागते तिच्या खाली. आखूड बाजूने दहा मिलिमीटरपेक्षा मोठी ग्रंथी ‘वाढलेली’ मानतात. मात्र संसर्गानेही ग्रंथी वाढतात, आणि लहान दिसणाऱ्या ग्रंथीतही कर्करोगाच्या पेशी असू शकतात.

पेट स्कॅनमध्ये काय चमकते

पेटमध्ये साखरेसारखे किरणोत्सर्गी द्रव्य, एफडीजी, शिरेतून देतात. जिथे साखर जास्त खर्च होते तो भाग चमकतो. तयारी नीट झाली नाही तर स्कॅन बिघडतो. आधी किमान चार ते सहा तास उपाशी राहायचे, साधे पाणी चालते. आदल्या दिवशी जोराचा व्यायाम नको, नाहीतर स्नायू चमकतात. रक्तातली साखर 200 मिलिग्रॅमच्या आत असावी लागते. मधुमेह असेल तर इन्सुलिन आणि गोळ्यांच्या वेळा तपासणी केंद्राला आधीच विचारा. इंजेक्शननंतर साधारण तासभर शांत पडून राहायचे असते.

एसयूव्ही मॅक्स हा आकडा चमक किती ते सांगतो. 2.5 च्या वर कर्करोग आणि खाली नाही, अशी रेघ मारता येत नाही. क्षय, सारकॉइडोसिस (ग्रंथी आणि फुफ्फुसात सूज आणणारा, कर्करोग नसलेला आजार), बुरशीचा संसर्ग आणि न्यूमोनिया जोरात चमकू शकतात. उलट आठ मिलिमीटरपेक्षा लहान गाठ, ग्राउंड ग्लास स्वरूपाचा सावकाश वाढणारा कर्करोग आणि कार्सिनॉइड (सहसा सावकाश वाढणारी एक प्रकारची गाठ) फिकी राहू शकते. मेंदू, मूत्रपिंडे आणि मूत्राशय नेहमीच चमकतात, हृदयही अनेकदा चमकते. तो आजार नव्हे. मेंदू मुळातच इतका चमकत असल्याने त्यातली लहान गाठ पेटवर ओळखू येत नाही, म्हणून गरजेनुसार कॉन्ट्रास्टसह मेंदूचा एमआरआय वेगळा करतात. ‘पेटमध्ये मेंदू ठीक आहे’ असे वाचून एमआरआय रद्द करू नका.

अधिवृक्क ग्रंथीतली (मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीतली) गाठ किंवा यकृतातली पुळी दिसली की ‘पसरला’ असे वाटून घरच्यांचा धीर सुटतो. पण अधिवृक्क ग्रंथीत साध्या गाठी अनेकांना असतात. कॉन्ट्रास्टविना सीटीत त्यांची घनता दहा हाउन्सफिल्ड (सीटीतले घनतेचे एकक) किंवा त्याहून कमी असली तर ती बहुधा साधी गाठच असते. यकृतातल्या पाण्याच्या साध्या पुळ्याही बहुधा निरुपद्रवी असतात. एकाच शंकास्पद ठिकाणावर सगळ्या उपचारांची दिशा ठरणार असेल, तर त्या ठिकाणाचा तुकडा तपासल्याशिवाय ‘शेवटची अवस्था’ मानू नये. फुफ्फुसाभोवती पाणी असेल तर ते काढून त्यातल्या पेशी तपासतात.

अवस्था स्वतः ठरवायच्या भानगडीत पडू नका. गाठीच्या मापावरून टी, ग्रंथींवरून एन आणि पसरण्यावरून एम ठरतो: एक सेंटीमीटरपर्यंत टी1ए, तीन ते पाचपर्यंत टी2, सातच्या वर टी4. पण गाठ छातीच्या भिंतीत किंवा मोठ्या रक्तवाहिनीत शिरली असेल तर माप लहान असूनही टी वाढतो, आणि स्कॅनवरची अवस्था तुकडा तपासणीनंतर बदलूही शकते.

बायोप्सी कुठून घ्यायची हे स्कॅन पाहूनच ठरते. कडेच्या गाठीला बाहेरून सीटीच्या मदतीने सुई, मधल्या ग्रंथींना श्वासनलिकेतून ईबस, म्हणजे सोनोग्राफी जोडलेल्या दुर्बिणीतून सुई. शक्यतो अशी जागा निवडतात, की निदान आणि अवस्था एकाच तुकड्यात कळावी. बाहेरून सुई घातल्यावर फुफ्फुसाभोवती हवा साठू शकते. बहुतेकांची आपोआप जिरते, काहींना नळी लागते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर आधीच सांगा, पण मनाने बंद करू नका. तुकडा पुरेसा घ्या असेही सांगून ठेवा, कारण कोणते औषध लागू पडेल हे ठरवणाऱ्या ईजीएफआर, एएलके, पीडी-एल1 या चाचण्यांना ऊतक लागते.

डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टसोबत प्रतिमांची सीडी न्या, नुसता कागद पुरत नाही. प्रतिमेत रुग्णाची उजवी बाजू तुमच्या डावीकडे दिसते, हे ध्यानात ठेवा. विचारा: गाठ नेमक्या कोणत्या खंडात आहे, जुन्या स्कॅनपेक्षा बदलली का, पुढची तपासणी कोणती आणि कोणत्या तारखेला? तारीख ठरल्याशिवाय उठू नका, कारण ‘तीन महिन्यांनी पाहू’ म्हणून सोडलेले स्कॅन राहून जातात. मात्र खोकल्यातून जास्त रक्त पडणे, चेहरा आणि मान सुजणे, पाय एकाएकी लुळे पडणे, फिट येणे किंवा बसल्या जागी धाप लागणे, यातले काहीही झाले तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता थेट तातडीच्या विभागात जा.