स्पॅनिशमध्ये ‘करू नकोस’ कसं म्हणायचं

‘बोल’ म्हणजे ‘आब्ला’. पण त्याच्या आधी ‘नो’ लावून ‘बोलू नकोस’ होत नाही. ‘नो आब्ला’ म्हणजे ‘तो बोलत नाही’. मराठीत ‘बोल’चं ‘बोलू’ होतं, तसं तिथंही क्रियापदाचं रूप बदलावं लागतं.

सुरुवात वर्तमानकाळातल्या ‘मी’च्या रूपापासून करा. आब्लार (बोलणे): मी बोलतो, ‘आब्लो’. शेवटचा ‘ओ’ काढा आणि स्वराची अदलाबदल करा: ‘आर’ने संपणाऱ्या क्रियापदांना ‘ए’, ‘एर’ आणि ‘इर’वाल्यांना ‘आ’. ‘तू’साठी पुढे ‘स’ येतो.

आब्लार: नो आब्लेस (बोलू नकोस)
कोमेर: नो कोमास (खाऊ नकोस)
एस्क्रिबिर: नो एस्क्रिबास (लिहू नकोस)

‘स’ काढला की आदरार्थी ‘उस्तेद’चं रूप मिळतं: नो आब्ले, नो कोमा. अनेकांना सांगायचं तर ‘न’ जोडा: नो आब्लेन, नो कोमान. स्पेनमध्ये मित्रमंडळींना ‘नो आब्लेइस’, ‘नो कोमाइस’ म्हणतात. लॅटिन अमेरिकेत हे रूप वापरात नाही, ‘न’वालंच सगळीकडे चालतं.

‘मी’पासून निघण्याचा फायदा असा, की तेनेरसारखं (जवळ असणे) वाकडं क्रियापदही सरळ येतं: तेंगो, नो तेंगास. अपवाद थोडे आहेत, ते पाठच करा: सेर म्हणजे असणे (नो सेआस), इर म्हणजे जाणे (नो वायास).

लिहिताना खरी गडबड ‘आर’ गटात होते. ‘ए’पुढे ‘सी’ आणि ‘जी’ या अक्षरांचे उच्चार बदलतात, म्हणून उच्चार टिकवायला स्पेलिंग बदलायचं. तोकारच्या (हात लावणे) ‘नो तोकेस’मध्ये ‘सी’च्या जागी ‘क्यू-यू’ येतं, पागारच्या (पैसे देणे) ‘नो पागेस’मध्ये ‘जी’नंतर ‘यू’ घुसतो. क्रूसारमधल्या (ओलांडणे) ‘झेड’चा ‘नो क्रूसेस’मध्ये ‘सी’ होतो. हा निव्वळ लेखनाचा नियम, उच्चार तोच.

सर्वनामाची जागाही बदलते. होकारात ते मागे चिकटतं: कोमेलो (ते खा). नकारात ‘नो’ आणि क्रियापदाच्या मध्ये सुटं बसतं: नो लो कोमास. ‘नो कोमासलो’ चूक. तसंच लेवांताते (ऊठ; इथलं ‘ते’ म्हणजे ‘स्वतःला’), पण नो ते लेवांतेस.

पाट्यांवर मात्र यातलं काही न दिसता मूळ क्रियापदच दिसेल: ‘नो फुमार’, धूम्रपान करू नये. आपल्या ‘करू नये’सारखंच ते कुणा एकाला उद्देशून नसतं, म्हणून समोरच्या माणसाशी बोलताना वापरू नका.