लिनक्स की विंडोज? सर्व्हर घेताना या चुका टाळा

लिनक्स फुकट आणि विंडोज महाग, एवढ्यावर निर्णय घेऊन मोकळे होणारे अजून भेटतात. पण सपोर्ट कधी संपतो ते आधी बघितलं नाही तर नंतर जो भुर्दंड बसतो तो लायसन्सच्या बिलात कुठेच दिसत नाही.

सेंटओएस या फुकट लिनक्सचंच घ्या. सेंटओएस 8 ला 2029 पर्यंत अपडेट मिळणार म्हणून लोकांनी सर्व्हर उभे केले आणि डिसेंबर 2020 मध्ये जाहीर झालं की 2021 संपताना हे पण संपणार, म्हणजे जुनं सेंटओएस 7 त्याच्यापेक्षा जास्त जगलं, 30 जून 2024 पर्यंत! आता 7 वर यम (सॉफ्टवेअर बसवायची, अपडेट करायची कमांड) चालवलं की मिररलिस्टचा (डाउनलोड सर्व्हरची यादी देणारा) होस्ट सापडत नाही असा एरर येतो आणि पोरं डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणारी यंत्रणा) तपासत बसतात. डीएनएस ठीक आहे हो, तो पत्ताच बंद झालाय. सॉफ्टवेअर कुठून घ्यायचं ते सांगणाऱ्या रेपो फाइलमधली मिररलिस्टची ओळ कमेंट करा (पुढे # टाकून निष्क्रिय करा), बेसयूआरएल म्हणजे डाउनलोडचा थेट पत्ता व्हॉल्टवर, जुन्या आवृत्त्यांच्या साठ्यावर, वळवा, चालू होईल. पण तिथे नवे सिक्युरिटी पॅच येत नाहीत, त्यामुळे ही सोय अल्मालिनक्स किंवा रॉकी या सेंटओएससारख्याच लिनक्सवर जाईपर्यंतचीच. अल्मावाल्यांचं एलिव्हेट टूल 7 वरून 8 वर नेतं, फक्त सर्व्हरचा स्नॅपशॉट (आहे तशी पूर्ण प्रत) आधी घ्या.

विंडोजवाल्यांची गडबड वेगळी. विंडोज सर्व्हर 2016 पासून लायसन्स कोरवर (प्रोसेसरच्या आतल्या काम करणाऱ्या भागांवर) मोजतात आणि मशीनमध्ये 8 कोर असले तरी कमीत कमी 16 चे पैसे द्यावे लागतात, वर युझरचे सीएएल (सर्व्हर वापरायचे परवाने) वेगळे, हे कोटेशन हातात आल्यावर कळून उपयोग नाही. स्टँडर्ड आवृत्तीत दोनच व्हीएम (एका मशीनवर चालणारे आभासी सर्व्हर) मिळतात. आणि 2016 चा सपोर्ट जानेवारी 2027 मध्ये संपतोय, तेव्हा स्वस्तात मिळतंय म्हणून आता ते घेऊ नका.

डॉटनेट (अॅप बनवायचं आणि चालवायचं मायक्रोसॉफ्टचं साधन) लिनक्सवर चालतं म्हणून जुनं अ‍ॅप उचलून नेणारे पण आहेत. डॉटनेट फ्रेमवर्क 4 या विंडोजपुरत्या जुन्या आवृत्तीवरचं तसंच्या तसं चालत नाही, आधी नव्या डॉटनेटवर पोर्ट करावं, म्हणजे कोड बदलून जुळवून घ्यावं लागतं. ते झाल्यावर सुद्धा इमेज दिसत नसतील तर फाइलनावातलं कॅपिटल-स्मॉल बघा, लिनक्सला तो फरक कळतो, विंडोज सहसा सोडून देतं. फाइल समोर असूनही परमिशन डिनाइड आलं तर लगेच एसईलिनक्स (लिनक्समधली सुरक्षेची जास्तीची यंत्रणा) बंद करून टाकू नका (हा सल्ला देणारे फार!), काय अडवलं त्याची नोंद असलेला ऑडिट लॉग उघडा, बहुतेक वेळा फोल्डरचं एसईलिनक्सचं लेबल चुकलेलं असतं आणि ते परत नीट करणाऱ्या रिस्टोरकॉन कमांडने काम होतं.