दुसऱ्याच्या कर्जासाठी तुम्हाला वसुलीचे फोन येत असतील तर

कर्जाच्या अर्जावर ‘संदर्भ’ म्हणून ओळखीच्यांची नावे व क्रमांक मागितले जातात आणि पुष्कळदा त्या व्यक्तींना न विचारताच ते भरले जातात. हप्ते थकले की वसुली एजंटचा फोन त्यांनाही येतो. यावर ‘क्रमांक ब्लॉक करा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो निरुपयोगी आहे, कारण एजंट दुसऱ्या क्रमांकावरून फोन करतो आणि तुमच्या हाती पुरावा मात्र उरत नाही.

प्रथम आपण जामीनदार नाही याची खात्री करा. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते; नुसता संदर्भ दिलेल्याची काहीच नसते. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स व क्रिफ हाय मार्क या कंपन्यांकडून वर्षातून एकदा पतअहवाल मोफत मिळतो. त्यात तुमच्या जामिनाचे कर्ज दिसू शकते, संदर्भ म्हणून दिलेले नाव दिसत नाही. म्हणून ‘तुमचे सिबिल बिघडवू’ ही संदर्भाला दिलेली धमकी पोकळ असते. पतसंस्थेच्या कर्जाबाबत मात्र अहवालावर विसंबू नका, कागदच पाहा. तेथे ‘ओळखीपुरती सही’ म्हणून घेतलेली सही जामिनाची निघते आणि महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला (थकबाकी वसूल करण्याचा आदेश) जामीनदारावरही येतो.

फोनवर संस्थेचे, एजन्सीचे व बोलणाऱ्याचे नाव विचारा, वेळ टिपून ठेवा, संदेशांचे स्क्रीनशॉट घ्या. कर्जदाराचा पत्ता सांगू नका आणि ‘थोडे मी भरतो’ असे चुकूनही म्हणू नका.

खरी अडचण लेखी तक्रारीत येते आणि लोकांना असे अर्ज लिहून देताना मलाही सुरुवातीला तीच जड गेली. ग्राहक सेवा कर्ज खाते क्रमांक मागते. तो तुमच्याकडे नसतो. मग ‘तुम्ही आमचे ग्राहक नाही, गोपनीयतेमुळे माहिती देता येत नाही’ असे उत्तर मिळते आणि बहुतेक जण तेथेच थांबतात. यातून वाट एवढीच, की कर्जाबद्दल काहीही विचारू नये, फक्त स्वतःच्या क्रमांकाबद्दल लिहावे. संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. ‘माझा अमुक मोबाइल क्रमांक ज्या खात्याशी जोडला आहे, त्या खात्याचा मी कर्जदार, सहकर्जदार वा जामीनदार नाही, तसा दावा असल्यास माझ्या सहीचा कागद दाखवावा, अन्यथा क्रमांक वसुलीच्या यादीतून काढून लेखी कळवावे,’ असे स्पष्ट लिहा. खाली फोनच्या तारखा, वेळा व क्रमांक द्या.

रिझर्व्ह बँकेच्या वसुली एजंटविषयक नियमांचा (२०२२ मध्ये ते १२ ऑगस्टच्या परिपत्रकात दिले होते) उल्लेख अवश्य करा. कर्जदाराचे कुटुंबीय, मित्र आणि संदर्भ दिलेल्या व्यक्ती यांच्या खासगीपणात घुसखोरी करण्यास, धमक्या वा निनावी फोन करण्यास त्या नियमांत मनाई आहे. वसुलीसाठी कर्जदारालाही सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही.

या अर्जात कर्जदाराची कैफियत मांडू नका. ‘त्याची नोकरी गेली आहे, सांभाळून घ्या’ असे एक वाक्य लिहिले की संस्थेच्या लेखी तुम्ही मध्यस्थ ठरता, आणि पुढचे फोन त्याच नात्याने येऊ लागतात.

३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर तिच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. ही लोकपाल योजना मुळात ग्राहकांसाठी आहे. त्यामुळे कर्जदार संपर्कात असेल तर ‘माझ्या नातेवाइकांना त्रास दिला जातो’ अशी स्वतंत्र तक्रार त्यालाही, आधी संस्थेकडेच, करायला लावा. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत. त्यांच्याविरुद्धचा अर्ज सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे जातो.

तुम्ही संदर्भही नसताना फोन येत असेल, तर बहुधा एखाद्या कर्ज अॅपने कर्जदाराच्या मोबाइलमधील संपर्क यादी उचललेली असते. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जविषयक नियमांनुसार अॅपला त्या यादीला हात लावता येत नाही. अॅपमागे नोंदणीकृत संस्थाच नसेल तर अशा बेकायदा संस्थांच्या तक्रारींसाठीच्या रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर कळवा. विकृत केलेली छायाचित्रे वा धमक्या आल्यास मात्र अर्जाच्या उत्तराची वाट न पाहता राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तिची प्रत घेऊन पोलीस ठाण्यात जा; धमकीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३५१ लागू होते.