प्रयोग फसला तर त्यातून काहीतरी कळावं यासाठी काय करायचं (आणि जमला तरी)

अपयश ही यशाची पहिली पायरी वगैरे शाळेच्या भिंतीवर ठीक आहे हो, पण तुम्ही एमएस्सीच्या प्रोजेक्टला किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षाला असाल, रोज जेलचा फोटो काढताय आणि रोज त्यात बँड (म्हणजे डीएनएची चमकणारी पट्टी) नाही, तर ही नक्की कितवी पायरी आणि जिना वर चाललाय की खाली हे कोणी सांगत नाही. माझं मत सरळ सांगते, रिसर्चमध्ये यश अपयशापेक्षा जास्त शिकवतं, फक्त ते मिळाल्यावर मुद्दाम मोडून बघायची तयारी पाहिजे. कसं ते पीसीआर (डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या मशीनमध्ये भरपूर प्रती काढणं) घेऊन सांगते कारण बायोवाल्यांना तोच सगळ्यात जास्त छळतो, बाकीच्यांनी आपापल्या विषयात बसवून घ्या.

आधी साधा हिशोब. पीसीआरच्या एका ट्यूबमध्ये टेम्प्लेट डीएनए (ज्याची प्रत काढायची तो), दोन प्रायमर (कुठून कुठपर्यंत ते दाखवणारे छोटे तुकडे), डीएनटीपी (डीएनएच्या विटा), टॅक (त्या जोडणारं एन्झाइम), बफर, मॅग्नेशियम, पाणी एवढं सगळं असतं आणि वर मशीनची तापमानं. बँड आला म्हणजे हे सगळं एकाच वेळी बऱ्यापैकी बरोबर होतं, म्हणजे एका फोटोत आठ-दहा गोष्टी कळल्या. नाही आला म्हणजे यातलं काहीतरी एक बिघडलंय, किंवा दोन, आणि कुठलं ते देव जाणे. घरातली लाईट गेली की आपण लगेच फ्यूज काढून बसत नाही, आधी खिडकीतून शेजारी लाईट आहे का बघतो, इथेही शेजारी एक चालू ट्यूब नसेल तर महिनाभर अंधारात चाचपडाल.

म्हणून पहिलं काम, स्वतःचा जीन वगैरे बाजूला ठेवा आणि लॅबमधल्या एखाद्या सिनियरकडून तिचे चालणारे प्रायमर आणि तिचाच डीएनए मागून घ्या, थोडासा, लाज वाटू देऊ नका. ते तुमच्या टॅकने, तुमच्या पाण्याने, तुमच्या हाताने लावा. हा तुमचा पॉझिटिव्ह कंट्रोल, आणि तो चालेपर्यंत दुसरं काही करायचं नाही, गाईड कितीही मागे लागले तरी. चालला की मग त्याच जेलवर तुमची ट्यूब, आणि टेम्प्लेटऐवजी नुसतं पाणी घातलेली एक ट्यूब, जिला सगळे एनटीसी (नो टेम्प्लेट कंट्रोल) म्हणतात.

आता फोटो वाचायचा, आणि तुमची लेन (जेलवरचा तुमच्या ट्यूबचा रकाना) आधी बघायचीच नाही, आधी लॅडर बघा, म्हणजे माहीत असलेल्या लांबीच्या डीएनए तुकड्यांची मोजपट्टी. लॅडरच दिसत नसेल तर पीसीआरला शिव्या घालू नका, जेलमध्ये डीएनए चमकवणारं एथिडियम ब्रोमाईड घालायचं राहिलंय किंवा तारा उलट्या लावल्यात आणि डीएनए मागे निघून गेलाय (हे होतं, सगळ्यांचं होतं). लॅडर आहे पण पॉझिटिव्ह कंट्रोल नाही, तर रिएजंट किंवा मशीन, त्यात डीएनटीपी वारंवार गोठवून-वितळवून मेलेले असण्याची शक्यता बरीच, म्हणून ते आधीच छोट्या छोट्या ट्यूबमध्ये वाटून ठेवतात. पॉझिटिव्ह आलाय आणि फक्त तुमचा नाही, तर अभिनंदन, कारण आता संशयित टेम्प्लेट, प्रायमर आणि त्या प्रायमरचं अनीलिंग (टेम्प्लेटला चिकटायचं) तापमान एवढेच उरले. आणि खाली 100 बेसपेअरच्याही आत एक धुरकट ठिपका दिसला तर ते बहुतेक प्रायमर डायमर (प्रायमरच एकमेकांना चिकटून झालेला तुकडा), म्हणजे टॅक जिवंत आहे, त्याला फक्त तुमचा डीएनए सापडत नाहीये.

इथून पुढचा भाग माझा आवडता. समजा तुम्ही आंब्याच्या पानांवर काम करताय. आंब्यात पॉलिफेनॉल आणि पॉलिसॅकराईड भरपूर, ते डीएनएबरोबर चिकटून येतात आणि टॅकला काम करू देत नाहीत. पण तुमच्या केसमध्ये हेच झालंय का? अंदाज नको. चालणाऱ्या पॉझिटिव्ह कंट्रोलच्या दोन ट्यूब लावा, एकीत तुमचा डीएनए 1 मायक्रोलिटर टाका आणि दुसरीत तेवढंच पाणी. पाण्याची ट्यूब चालली आणि तुमच्या डीएनएची मेली, तर गुन्हेगार तुमच्या प्रेपमध्येच (काढलेल्या डीएनएमध्येच) आहे, मग टेम्प्लेट दहापट पातळ करून बघा किंवा सीटॅबच्या (पानांतून डीएनए काढायच्या) बफरमध्ये पॉलिफेनॉल धरून ठेवणारं पीव्हीपी घालून डीएनए परत काढा. दोन्ही चालल्या तर डीएनएबरोबर आलेल्या घाणीच्या नावाने बोटं मोडू नका, प्रायमर बघा. म्हणजे काय केलं, तर यशस्वी प्रयोग घेतला आणि त्यात एकच गोष्ट बदलून तो पाडायचा प्रयत्न केला. एकच हं. वैतागून तापमान पण बदललं, मॅग्नेशियम पण वाढवलं, प्रायमर पण नवीन घेतले आणि बँड आला, तर आनंद एक दिवसाचा, कारण कशामुळे आला ते तुम्हालाही माहीत नाही.

जमलेल्या प्रयोगाची तपासणी मात्र लोक करत नाहीत, बँड आला की फोटो थेट पीपीटीत. आधी एनटीसीची लेन बघा, तिथेही तोच बँड असेल तर तुमचा बँड बहुतेक पाण्यातून किंवा पिपेटमधून आलाय. यशावर डोळे मिटून विसंबणं कुठपर्यंत जातं याचं उदाहरण एरियन 5 रॉकेट, 4 जून 1996, पहिलंच उड्डाण. दिशा आणि वेग मोजणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियन 4 वरून घेतलं होतं, तिथे ते व्यवस्थित चालत होतं. पण एरियन 5 चा आडवा वेग जास्त, तो आकडा 16 बिटमध्ये मावला नाही आणि सॉफ्टवेअर कोलमडलं, बॅकअपमध्येही तेच सॉफ्टवेअर म्हणून तोही गेला, साधारण 40 सेकंदांत खेळ खल्लास. जुन्या यशाने एवढंच सांगितलं होतं की एरियन 4 च्या वेगाला हे चालतं. त्यामुळे तुमचा प्रोटोकॉल चालला की त्याच्या कडा शोधा, तापमान दोन-तीन डिग्री वर-खाली करून, टेम्प्लेट कमी करत करत, कुठे तुटतो ते बघा आणि लिहून ठेवा.

आणि मग अपयश शिकवतच नाही का, तर शिकवतं, पण नोंदी असतील तर. 7 सप्टेंबर 2019 च्या पहाटे चांद्रयान-2 चा विक्रम लँडर चंद्रावर कोसळला तेव्हा उतरतानाचा डेटा इस्रोकडे होता, म्हणून इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा जास्त पडला, चुका साठत गेल्या, यान वळायला सॉफ्टवेअरने घातलेली मर्यादा आड आली, असं तुकड्या-तुकड्याने सांगता आलं. चांद्रयान-3 ला उतरायची जागा 500 बाय 500 मीटरवरून 4 बाय 2.4 किलोमीटर केली, पाय मजबूत केले, इंधन वाढवलं, आणि इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष सोमनाथ सरांनी सांगितलं होतं की यावेळी काय काय फसू शकतं ते धरून डिझाइन केलंय. 23 ऑगस्ट 2023 ला उतरलं.

आपल्या लेव्हलला याचा अर्थ वहीत शिस्त. ट्यूब मशीनमध्ये टाकायच्या आधी लिहा की बँड आला तर मी काय समजणार आणि नाही आला तर काय, दोन्हीचं उत्तर "परत करून बघू" येत असेल तर तो प्रयोग लावूच नका, टॅक महाग आहे. रिएजंटचा लॉट नंबर लिहा, रिकाम्या जेलचा फोटोसुद्धा तारखेसकट चिकटवा. मीटिंगमध्ये "सर, नाही आलं" एवढंच बोलू नका, "पॉझिटिव्ह आला, माझा नाही, दहापट पातळ केल्यावर फिकट आला" असं बोललात तर पुढचं बोलणं प्रेपवरच होतं आणि तुम्हाला झापायला वेळ उरत नाही. थिसिसमध्ये न चाललेल्या कंडिशन्सचा एक टेबल परिशिष्टात टाका, पेपरात कोणी घेणार नाही पण पुढच्या वर्षी येणाऱ्या ज्युनियरला तीच आंब्याची पानं मिळणार आहेत.